साखरेचा हिशेब

आमच्या घरी मागच्या पडवीत एक कोनाडा होता. स्पिरिटचा दिवा, दोन परीक्षानळ्या, एक लाकडी चिमटा आणि निळ्या पाण्याची बाटली एवढे साहित्य त्यात असे. आई त्या कोनाड्याला हात लावीत नसे. तो प्रांत अण्णांचा, आणि त्यांच्या हाताखालचा उमेदवार मी. ही गोष्ट १९८९ सालची. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. अण्णा गावचे पोस्टमास्तर होते आणि त्यांना मधुमेह होता.

विधी ठरलेला असे. नळीत चमचाभर निळे पाणी घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब सोडावयाचे आणि दिव्यावर उकळी आणावयाची. चिमटा धरण्याचा मान माझा. निळे पाणी निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे झाले तर थोडी. पिवळे, नारिंगी अशा पायऱ्या चढत ते विटकरी झाले म्हणजे साखर भरपूर. रंग ठरला की अण्णा नाकावर चष्मा चढवून एका लांबोळ्या वहीत तारीख, वेळ आणि रंग लिहून ठेवीत. मनीऑर्डरचे रकाने भरण्याचे त्यांचे ते सुबक अक्षर त्या वहीतही तसेच उतरलेले आहे.

त्या वर्षी श्रावणात एके दिवशी संध्याकाळी नळी विटकरी झाली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते, की असा रंग आला तर इन्सुलिन चार युनिट जास्त घ्यावे. अण्णांनी उकळलेल्या काचेच्या पिचकारीने ते टोचून घेतले, जेवले आणि झोपले. मध्यरात्री आईच्या हाकांनी मला जाग आली. अण्णा घामाने निथळत होते. त्यांचे हात थरथरत होते आणि ते कुठल्याशा हरवलेल्या टपालथैलीबद्दल असंबद्ध बडबडत होते. आईला कोणी काही शिकविलेले नव्हते. पण तिने साखरेचे पाणी केले आणि चमच्याचमच्याने त्यांच्या तोंडात घातले. अर्ध्या तासाने ते भानावर आले आणि त्यांनी विचारले, "मी रडत होतो काय गं?"

नळी खोटे बोलली नव्हती. तिने सांगितले ते खरेच होते, पण ते दुपारचे होते. जेवणानंतर रक्तात चढलेली साखर मूत्राशयात साठत राहिली आणि संध्याकाळी तिचा रंग दिसला. तोपर्यंत रक्तातली साखर उतरणीला लागली होती. दुसरी अडचण याहून मोठी होती. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून मूत्रपिंडे तिला बाहेर सोडीत नाहीत. म्हणजे रक्तात साखर १५० असली तरी नळी निळी, आणि ४० असून माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असला तरीही निळीच. ज्या रंगाला आम्ही घरात शुभ मानीत होतो, त्याच्या आडून मृत्यू डोकावू शकत होता.

रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतचाच. पुढे मास्तरकी आणि कादंबरीलेखन यांतच आयुष्य गेले. परंतु त्या रात्रीने एक प्रश्न मनात कायमचा घातला. माणसाच्या रक्तातल्या साखरेचा हिशेब आजवर कोणी ठेवला, आणि ज्याची ती साखर, त्या माणसाच्या हाती तो केव्हा आला?

या हिशेबाचे पहिले कारकून म्हणजे मुंग्या. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले: कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार. मधुमेह हा वाताच्या चौघांपैकी एक, आणि तो असाध्य. रोग जडण्याआधीची जी चिन्हे त्याने नोंदविली त्यांत रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हेही आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका हेच सांगत. त्यांनी चरक वाचलेला नव्हता, त्यांनी मोरीच्या कडेची मुंग्यांची रांग पाहिली होती.

पश्चिमेकडे दुसऱ्या शतकात अॅरिटिअस या ग्रीक वैद्याने या रोगाचे वर्णन केले. मांस आणि हातपाय वितळून मूत्रावाटे वाहून जावेत तसा हा रोग, असे त्याला वाटले. मूत्राची गोडी मात्र युरोपच्या ध्यानात येण्यास सतरावे शतक उजाडावे लागले. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ च्या आपल्या ग्रंथात ती नोंदविली, आणि तिची परीक्षा त्याने सरळ जिभेने केली. आज आपल्याला शिसारी येते. परंतु रोग्यासाठी इतकी किळस गिळणाऱ्या माणसाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढे लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने एका रोग्याचे मूत्र मंद आचेवर आटविले. आपल्याकडे गुऱ्हाळात रस आटवितात तसाच तो प्रकार. तळाशी पांढरी ढेप उरली आणि तिला साखरेचा वास आणि चव होती. त्याने त्या रोग्याचे रक्तही तपासले आणि रक्तातला पाणीदार भागही गोड असल्याचे त्याला आढळले. हे १७७६ मध्ये छापून आले. दोष मूत्रात नसून सबंध शरीरात आहे, हे यातून प्रथम उघड झाले. ती साखर म्हणजे द्राक्षातलीच साखर, हे १८१५ मध्ये शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले.

मग जिभेची जागा नळीने घेतली. जर्मनीत फेलिंगने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांब्याच्या क्षारावर चालणारी कसोटी बसविली आणि अमेरिकेत स्टॅन्ले बेनेडिक्टने १९०८ च्या सुमारास ती सुधारली. आमच्या कोनाड्यातले निळे पाणी ते हेच. त्यात मुख्य वस्तू मोरचूद. द्राक्षबागायतदार चुन्यात कालवून वेलीवर फवारतात, तोच मोरचूद! साखर त्या तांब्याचे रूप पालटते आणि तळाशी विटकरी गाळ बसतो. कृती इतकी सोपी, की नऊ वर्षांच्या पोराला जमावी.

परंतु साखर किती हे कळून करावयाचे काय? १९२२ पूर्वी या प्रश्नाला उत्तर नव्हते. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन यांनी उपासाचा उपचार रूढ केला. मूत्र निर्मळ होईपर्यंत अन्न तोडावयाचे, आणि पुन्हा रंग दिसला की पुन्हा तोडावयाचे. मुलांची हाडे वर येत. मृत्यू काही महिने, क्वचित एखाददुसरे वर्ष लांबे. नळीचा रंग जणू त्या लेकरांच्या भुकेचा हुकूमनामाच होता. कित्येक मुले चोरून खात, आणि नळी चहाडी करी.

बोस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांचे मोठेपण मला याच काळात दिसते. तेही आहार तोडण्याच्याच पंथाचे होते, कारण दुसरा पंथच नव्हता. पण १९१८ मध्ये त्यांनी मधुमेहावर एक पुस्तक लिहिले ते रोग्यांसाठी. रोग्याने स्वतः मूत्र तपासावे, स्वतः वही ठेवावी, आपल्या रोगाचे शिक्षण घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. मला त्यांच्यातला मास्तर जवळचा वाटतो. उत्तर सांगून टाकण्यापेक्षा रीत शिकविणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या इस्पितळात लिओनार्ड टॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला तो अर्क अशुद्ध निघाला आणि प्रयोग थांबवावा लागला. कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा आरंभ झाला आणि ५२० असलेली रक्तातील साखर एका दिवसात १२० वर आली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. जेथे महिन्यांचा हिशेब तेथे तेरा वर्षे!

आणि याच औषधाने साखरेच्या मोजमापाचा अर्थ बदलून टाकला. तोवर साखरेला एकच वाट होती, वर जाण्याची. आता ती खालीही जाऊ लागली, आणि खालची वाट अधिक वेगाची. इन्सुलिन टोचणारा माणूस जणू दोरावर चालू लागला. त्याला दोन्ही बाजूंचे दिसणे जरूर होते, आणि हाती होती ती निळ्या पाण्याची नळी, एका डोळ्याने अधू आणि बातमीला शिळी. रक्त तपासण्याच्या रीती होत्या; १९१९ मध्ये फोलिन आणि वू यांनी बसविलेली पद्धत पुढे कित्येक वर्षे प्रयोगशाळांतून चालली. पण तिला शिरेतले रक्त लागे, रसायने लागत, जाणता माणूस लागे. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बदललेला असे.

मधली पावले मी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील एल्खार्ट गावच्या एका कंपनीने १९४१ मध्ये नळीत टाकावयाची गोळी काढली. ती पाण्यात पडताच स्वतःच उष्णता निर्माण करी, त्यामुळे दिव्याची जरूर संपली. १९५६ मध्ये तेथेच हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या संशोधनातून मूत्रात बुडवावयाची कागदी पट्टी आली. १९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबाची पट्टी निघाली: बोटाचा थेंब तिच्यावर ठेवावयाचा, साठ सेकंदांनी पाण्याने धुवावयाचा आणि रंग तक्त्याशी ताडून पाहावयाचा. आणि १९७० मध्ये तो रंग डोळ्याऐवजी काट्याने वाचणारे यंत्र बाजारात आले. सुमारे तीन पौंड वजनाचे, विजेवर चालणारे, काही शे डॉलर किमतीचे. ते विकत मिळे, पण फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना.

येथे या इतिहासातला मला सर्वांत प्रिय असलेला माणूस येतो. रिचर्ड बर्नस्टाइन हा न्यूयॉर्ककडचा एक इंजिनिअर. बाराव्या वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, त्याला मधुमेह झाला. पस्तिशीपर्यंत शरीराच्या नाना तक्रारी सुरू झाल्या होत्या. अशात त्याच्या पाहण्यात त्या यंत्राची जाहिरात आली. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यालेला आहे की मधुमेही आहे, हे इस्पितळाला चटकन कळावे, असा त्या यंत्राचा उपयोग त्यात सांगितला होता. बर्नस्टाइनला वाटले, बेशुद्ध होईपर्यंत थांबावयाचे कशाला? तो रोगी होता, डॉक्टर नव्हता; त्याला यंत्र कोण देणार? सुदैवाने त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावाने त्याने यंत्र मागविले.

मग या गृहस्थाने इंजिनिअर जे करतो ते केले. दिवसातून अनेक वेळा रक्त तपासले, आकडे मांडले. आपली साखर एकाच दिवसात पाताळाला जाते आणि आभाळालाही भिडते, हे त्याने प्रथमच पाहिले. काय खाल्ले, किती टोचले, त्याचे काय झाले, असा एकेक धागा सोडवीत त्याने ती उलघाल आटोक्यात आणली. हे जगाला सांगावे म्हणून त्याने निबंध लिहिले. ते परत आले. रोग्याने स्वतः रक्त तपासावे ही कल्पनाच पुष्कळ वैद्यांना अनावश्यक, नव्हे धोक्याची वाटत होती. शेवटी बर्नस्टाइनने पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९८३ मध्ये तो डॉक्टर झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये, नव्वदी गाठून, तो वारला. त्याच्या आहाराच्या मतांबद्दल वाद आहेत आणि त्यांत मी पडत नाही. पण आपल्याच रक्तातला आकडा पाहण्यासाठी बायकोचे नाव उसने घ्यावे लागलेला माणूस, एवढे चित्र मला पुरेसे आहे.

१९७८ मध्ये लंडन आणि नॉटिंगहॅम येथील डॉक्टरांनी रोगी घरच्या घरी रक्त तपासू शकतात आणि त्याचा त्यांना लाभ होतो, असे प्रसिद्ध केले. तरीही एक शंका उरलीच होती. साखर काटेकोर राखण्याचा एवढा खटाटोप केल्याने डोळे आणि मूत्रपिंडे खरोखर वाचतात काय? अमेरिका आणि कॅनडा येथील १४४१ मधुमेहींवर दहा वर्षे चाललेल्या चाचणीने १९९३ मध्ये उत्तर दिले. ज्यांनी दिवसातून चार वेळा रक्त तपासून त्याप्रमाणे इन्सुलिन बेतले, त्यांच्या डोळ्यांचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंडांचा सुमारे निम्म्याने आणि मज्जातंतूंचा ६० टक्क्यांनी. साखर एकाएकी खाली जाण्याचे गंभीर प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. दोराची दुसरी बाजू सुटली नव्हतीच.

त्या चाचणीत सरासरी मोजण्यासाठी जी कसोटी वापरली, तिच्या मुळाशी एक इराणी शास्त्रज्ञ आहे. तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेहींच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार वाढलेला दिसला. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि त्या काळात तिला जेवढी साखर भेटते तिची खूण अंगावर बाळगते. म्हणून ही कसोटी मागल्या दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून तिला फसविता येत नाही.

हे वाचले तेव्हा मला अण्णांची वही आठवली. अण्णा वारल्यानंतर ती मी प्रथम नीट चाळली. महिनाभर हिरवा, पिवळा, विटकरी असे रंग, आणि डॉक्टरांकडे जावयाच्या आधीचे तीन दिवस स्वच्छ निळे! दर महिन्याला हेच. ज्या माणसाने पोस्टाच्या हिशेबात उभ्या नोकरीत एक पै इकडची तिकडे केली नाही, तो स्वतःच्या वहीत दर महिन्याला लबाडी करीत होता. कधी उपास करून, आणि कधी, मला वाटते, नुसती लेखणी चालवून. मला त्या वेळी राग आला. एवढी वर्षे आम्ही दिवा पेटवून बसलो ते कशासाठी?

आता राग उरलेला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात ती वही उघडली जाई तेव्हा मी कधी कधी सोबत असे. विटकरी रंग दिसला की अण्णांना पोरासारखे बोल ऐकावे लागत: पुन्हा गोड खाल्ले असेल, जिभेवर ताबा नाही. पन्नाशीचा माणूस माझ्यादेखत मान खाली घालून उभा राही. मी वीस वर्षे शाळेत आहे; प्रगतिपुस्तकावर बापाची खोटी सही करणारी मुले मला दर वर्षी भेटतात. ती मुले वाईट नसतात. आकडा हा जेथे निकाल म्हणून वाचला जातो, तेथे तो लपविला जातो. अण्णांची वही त्यांच्या उपयोगासाठी नव्हती. ती तपासनिसासाठी होती. चार युनिटे वाढविण्याचा हुकूमही तपासनिसाचाच, आणि त्या हुकुमाचे कारण अण्णांना कोणी समजावून सांगितले नव्हते.

याला एक दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या ४५३ मधुमेहींवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरी रक्त तपासणाऱ्यांच्या साखरेत इतरांपेक्षा फारसा फरक पडला नाही. आणि पुढील पाहणीत असे दिसले, की त्यांतील काहींचे मन मात्र अधिक खिन्न झाले. मला यात आश्चर्य वाटत नाही. नुसता आकडा हाती देऊन भागत नाही. त्या आकड्यावरून काय करावे हे ज्याला शिकविलेले नाही, किंवा ते करण्याची ज्याला मुभा नाही, त्याच्या हातात यंत्र म्हणजे रोज सकाळी खिशातून निघणारा एक पंतोजी होय.

यंत्रे तर पुढे गेलीच. १९९९ मध्ये अमेरिकेत त्वचेखाली बसवून साखर सतत मोजणारे पहिले उपकरण मंजूर झाले, आणि गंमत अशी, की ते अंगावर वागविणाऱ्याला त्यातले आकडे दिसत नसत! तीन दिवसांनी डॉक्टरच ते उतरवून पाहत. नवी विद्या आली की आकडा प्रथम डॉक्टरांच्या मुठीत आणि पुष्कळ उशिरा रोग्याच्या हातात, ही रीत येथेही चुकली नाही. आता दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवून दर काही मिनिटांनी आकडा पाहता येतो. ज्याला ती परवडते त्याला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्याकडे दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या पुष्कळांना साध्या पट्टीचे पैसेही मोजून खर्चावे लागतात.

अण्णांचा अनुभव असाच. २००१ मध्ये पहिल्या पगारातून मी त्यांना रक्त तपासण्याचे यंत्र आणून दिले. त्यांनी ते कौतुकाने उघडले, पट्ट्यांच्या डबीवरची किंमत वाचली, मनाशी भागाकार केला आणि म्हणाले, "एका थेंबाला एवढे पैसे? त्यापेक्षा नळी बरी." यंत्र कपाटात गेले. पाच वर्षांनी त्यांची मूत्रपिंडे गेली आणि मागोमाग ते. यंत्र वापरले असते तर काय झाले असते, हा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

चार वर्षांपूर्वी मला स्वतःला हा रोग जडल्याचे कळले. आरंभी मीही सकाळी बोट टोचून आकडा पाही आणि १८० दिसले की दिवसभर तोंड लपवावेसे वाटे. एकदा तर १९४ चे १४९ लिहिले. लिहून झाल्यावर त्या अक्षराकडे पाहत राहिलो. अक्षर अण्णांसारखेच सुबक होते. त्या दिवशी मी नवी वही घातली. तीत आकड्यासमोर एक जादा रकाना आखला आहे: काय खाल्ले, किती चाललो, झोप झाली काय, वर्गात कोणावर ओरडलो काय. चूक की बरोबर याचा रकाना नाही. वही डॉक्टरांना दाखवितो. पण ती त्यांच्यासाठी लिहीत नाही.

परवा माझ्या मुलीने विचारले, "बाबा, आज आकडा किती?" मी सांगितला. तो चांगला नव्हता. ती म्हणाली, "मग संध्याकाळी जरा लांबवर फिरून येऊ या." एवढेच. मान खाली घालावी लागली नाही. अण्णांना हे कोणी म्हटले असते, तर त्या जुन्या वहीतले ते निळे दिवस खोटे लिहावे लागले नसते, असे मला वाटते.